चोक काढला की गाडी बंद पडते, गरम झाल्यावर सुरू होत नाही: कार्ब (कार्बोरेटर) उघडू की टॅपेट (वॉल्व्हची फट) बघू?

उनाड_चाक:
150 सीसी, एअर-कूल्ड, कार्बवाली गाडी. बरेच महिने उभी होती. थंड असताना चोकवर लगेच सुरू होते, चोक ढकलला की बंद. अर्ध्या थ्रॉटलपुढे ओढ नीट. पण गरम झाल्यावर बंद केली की सुरूच होत नाही, किकही हलकी जाते. थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखी. पेट्रोल ताजं आहे. प्लग बदललाय, जुन्याचं टोक पांढरं पडलं होतं. मिक्स्चर स्क्रू बाहेर फिरवून काही फरक नाही.

स्लो_जेट:
पांढरा प्लग आणि चोकशिवाय न चालणं, म्हणजे आयडलिंगला (थ्रॉटल न देता चालताना) पेट्रोल कमी पडतंय. वरच्या थ्रॉटलला ठीक चालते, तेव्हा मेन जेट (वरच्या थ्रॉटलला पेट्रोल सोडणारं भोक) सोडा, पायलट जेट (आयडलिंगचं भोक) बघा. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर आधी तिथेच बसतो, कारण भोक सगळ्यांत बारीक.

पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट चेंबरचा (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू ढिला करा, निघेल ते काचेच्या बरणीत घ्या. तळाशी पाणी किंवा तपकिरी गाळ दिसतो का बघा. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी अलगद आत फिरवत टेकेपर्यंतचे आटे मोजून लिहून ठेवा. जोर लावलात तर टोकाने बॉडीत खाच पडते, मग आयडलिंग कधीच बसत नाही. स्क्रूची छोटी ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच अडकून राहते, ती विसरू नका. जेट पितळी असतो, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच वापरा. उजेडाकडे धरल्यावर स्वच्छ गोल भोक दिसलं पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. रबरी भाग काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि क्लीनरचा फवारा प्रत्येक वाटेतून आरपार जातोय याची खात्री करा.

टॅपेट_०८:
वरचं बरोबर आहे, पण गरम झाल्यावर किक हलकी होणं हे कार्बचं लक्षण नव्हे. टॅपेट आवळलेत. वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) झिजली की वॉल्व्ह आणि रॉकर (वॉल्व्ह दाबणारा दांडा) यांच्यातला गॅप कमी होत जातो. गरम झाल्यावर वॉल्व्हची दांडी लांबते, वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. असंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो, म्हणून मी आधी हे करेन.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. प्लग काढा, क्रँक फिरवून ‘टी’ची खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) जुळवा (शेजारची ‘एफ’ नव्हे, ती इग्निशनची). दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा द्या. गॅप मॅन्युअलमधलाच धरा. या आकाराच्या बऱ्याच इंजिनांत तो 0.05 ते 0.10 मि.मी.च्या आसपास असतो. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) हलक्या ओढीने सरकला पाहिजे. नट आवळताना गॅप बदलतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

गॅप बरोबर करूनही किक हलकीच राहिली, तर कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढलं तर वॉल्व्हचा.

उनाड_चाक:
ड्रेनमधून तपकिरी भुकटी आली. एक्झॉस्टला 0.05 ची पातीसुद्धा आत जात नाही. टॅपेट लावून, जेट साफ करून झाल्यावर मिक्स्चर कसं लावायचं?

स्लो_जेट:
मोजलेल्या आट्यांवर स्क्रू ठेवा, गाडी नीट गरम करा, मग पाव-पाव आटा फिरवत आयडलिंग सगळ्यांत जास्त आणि एकसारखं कुठे होतं ते शोधा. नंतर आयडल स्क्रूने आरपीएम मॅन्युअलइतके खाली आणा. दिशा मात्र आधी तपासा: स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचा, बाहेर फिरवल्यावर मिश्रण दाट होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवल्यावर पातळ होतं.

तरीही आयडलिंग वरखाली होत असेल तर कार्ब आणि हेडमधल्या रबरी मॅनिफोल्डला भेग आहे का बघा. इंजिन सुरू करून, तापण्याआधी, जोडावर पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. या तपासणीला क्लीनर किंवा पेट्रोल फवारू नका, पेट घेतं.

टॅपेट_०८:
भुकटी म्हणजे टाकीतला गंज. टाकी आणि कॉकची जाळी धुऊन, पाइपमध्ये फिल्टर बसवल्याशिवाय कार्ब परत जोडू नका, जेट पुन्हा तुंबेल.