केराटिनमुळे झालेली इजा: दाद कोणाविरुद्ध आणि कुठे मागावी?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने मे महिन्यात, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, ओळखीच्या एका पार्लरमध्ये केस सरळ करण्याचा केराटिन हा उपचार करून घेतला. केसांवरून तापलेली पट्टी फिरवणे (आयर्निंग) चालू असताना निघालेल्या वाफेने तिच्या डोळ्यांची आग झाली आणि घसा धरला. पुढच्या दोन दिवसांत कानामागे व मानेवर पाण्याचे फोड आले, आणि आषाढ सुरू होईपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस पुंजक्याने गळू लागले. रसायनामुळे त्वचेचा दाह झाल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिले आहे आणि उपचार अजून चालू आहेत.

त्या उत्पादनाच्या बाटलीवर ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’, म्हणजे फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायन त्यात नाही, असे ठळक छापलेले आहे. मात्र उत्पादकाचा पूर्ण पत्ता किंवा परवाना क्रमांक त्यावर कुठेही दिसत नाही. पार्लर चालवणारी मुलगी आमच्याच वाडीतली आहे, तिने कर्ज काढून हा व्यवसाय उभा केला आहे, आणि झाला प्रकार कळल्यावर तिने उरलेली बाटली स्वतःहून आमच्या हाती दिली. तिला ग्राहक आयोगापुढे उभी करायला आई अजिबात तयार नाही. दुसरीकडे बहिणीचे हाल डोळ्यांसमोर असताना गप्प बसणेही मला पटत नाही.

अमेरिकेत केस सरळ करण्याच्या उत्पादनांविरुद्ध हजारो स्त्रियांनी दावे केल्याचे वाचले. त्यांत आपल्याला सामील होता येते का? येत नसेल, तर इथे तक्रार कोणाविरुद्ध करावी, आणि त्या मुलीला वगळून ती करता येईल का?

कातळसडा (रत्नागिरी)

ताई, मी वकील आहे आणि ग्राहक आयोगापुढची प्रकरणे चालवतो. आपल्या बहिणीला झालेला त्रास वाचून वाईट वाटले. तक्रार करावी, असेच माझे मत आहे.

आधी अमेरिकेतील दाव्यांविषयी सांगतो. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ स्त्रियांचा जवळपास ११ वर्षे मागोवा घेतला आणि तो अभ्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के, असा अंदाज त्यात मांडला होता. त्यानंतर दाव्यांचा ओघ सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातील संघीय न्यायालयांपुढचे असे खटले शिकागोच्या न्यायालयात एकत्र आणले गेले. कंपन्यांना आरोप मान्य नाहीत. स्त्रियांनी कोणत्या कंपनीचे उत्पादन वापरले आणि त्यात कोणते घटक होते याची नोंद त्या अभ्यासात नव्हती, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध करण्याचा मोठा भार तिथल्या वादींवर आहे. तो वाद प्रामुख्याने रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस रसायनाने सरळ करणाऱ्या उत्पादनांचा आणि वर्षानुवर्षांच्या वापराचा आहे. आपली खरेदी, वापर आणि इजा हे सारे इथलेच असल्यामुळे त्या दाव्यांत आपल्याला जागा नाही. मात्र आपल्या प्रकरणात वापर आणि इजा यांच्यात दोनच दिवसांचे अंतर आहे, आणि पुराव्याच्या दृष्टीने ही फार मोठी जमेची बाजू आहे.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातील कलम ८२ ते ८७ सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीविषयी आहेत. उत्पादन बनवताना दोष राहिला, पुरेशा सूचना व इशारे दिले नाहीत, किंवा उत्पादन दिलेल्या हमीप्रमाणे नव्हते, तर कलम ८४ नुसार उत्पादक जबाबदार ठरतो. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ ही छापलेली हमीच आहे. ती देताना आपण निष्काळजी नव्हतो किंवा फसवण्याचा हेतू नव्हता, हे उत्पादकाने सिद्ध केले तरी त्याची सुटका होत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे.

आता आपल्या वाडीतल्या मुलीविषयी. सेवा देणाऱ्याची जबाबदारी कलम ८५ मध्ये आहे, आणि विक्रेत्याची कलम ८६ मध्ये. उत्पादक कोण हे कळू शकत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर ज्याने माल विकला त्याच्यावर जबाबदारी येते. म्हणून बाटलीवर पत्ता नसणे ही त्या मुलीला माल विकणाऱ्या घाऊक विक्रेत्याने काळजी करण्याची गोष्ट आहे. त्या मुलीकडे घाऊक खरेदीचे बिल असेल, तर ते या प्रकरणात बाटलीइतकेच महत्त्वाचे ठरेल. माझा सल्ला असा, की मुख्य तक्रार उत्पादक आणि घाऊक विक्रेता यांच्याविरुद्ध करावी, आणि त्या मुलीकडून शपथपत्र घ्यावे: माल कुठून आणला, किती मात्रेत लावला, किती वेळ ठेवला, सूचना कोणत्या मिळाल्या. उत्पादनाचा गैरवापर झाला किंवा त्यात बदल केला गेला, हा विक्रेत्याचा पहिला बचाव असतो. हे उत्पादन केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे होते आणि तज्ज्ञाला आम्ही इशारा दिला होता, हा उत्पादकाचा बचाव असतो. या दोन्ही बचावांना उत्तर देऊ शकणारी ती एकमेव साक्षीदार आहे. तिला प्रतिपक्षात ढकलले, तर कंपनीची मोठी सोय होईल.

सुरंगी (लोटे)

मी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ या दाव्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या प्रकरणाचे मूळ तिथे असू शकते.

फॉर्माल्डिहाइड हा वायू आहे. तो पाण्यात विरघळला की त्याचा बहुतांश भाग मिथिलीन ग्लायकॉल या रूपात असतो, आणि काही उत्पादक हेच दुसरे नाव पुढे करून आपल्या मालात फॉर्माल्डिहाइड नाही असे सांगत आले. परंतु ते द्रावण केसांना लावून वर दोनशे अंशांहून अधिक तापलेली पट्टी फिरवली, की पाणी उडते आणि तोच वायू मोकळा होऊन श्वासात व डोळ्यांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचा निष्कर्ष काढला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने २०१० मध्ये ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ या उत्पादनाचे नमुने तपासले, तेव्हा फॉर्माल्डिहाइडमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत त्याचे प्रमाण सरासरी ८ टक्क्यांहून अधिक निघाले. पुढे जानेवारी २०१२ मध्ये त्या कंपनीला कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांशी तडजोड करून ६ लाख डॉलर द्यावे लागले आणि बाटलीवर इशारा छापण्याचे मान्य करावे लागले. आपल्या बहिणीच्या त्रासाशी खरे साम्य या प्रकरणाचे आहे.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. फॉर्माल्डिहाइड टाळण्यासाठी अलीकडे अनेक उत्पादनांत ग्लायॉक्सिलिक आम्ल घातले जाते. ते त्वचेतून शरीरात गेले तर त्याचे ऑक्झलेट बनते आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साठू शकतात. २६ वर्षांच्या एका स्त्रीच्या मूत्रपिंडांना केस सरळ केल्यानंतर २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा इजा झाल्याची नोंद मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्या टाळूची आग झाली होती. आपल्या बहिणीला त्या दिवसांत उलट्या, ताप किंवा कंबरदुखी झाली होती का, हे तिला नीट विचारा. उत्तर काहीही असो, डॉक्टरांना केराटिनची पूर्ण माहिती देऊन क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ताची) आणि लघवीची तपासणी करून घ्या. भरपाईचा विचार त्यानंतर करता येईल.

बाटलीविषयी एक कळकळीची विनंती आहे. ती पुन्हा उघडू नका, दुसऱ्या बाटलीत ओतू नका, आणि घरी चाचणी करून पाहू नका. हा वायू उडून जातो, त्यामुळे झाकण जितक्या वेळा उघडेल तितका पुरावा कमी होत जाईल. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेबल ओल धरून सुटते. आजच सर्व बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढा आणि बाटली कोरड्या पिशवीत घालून सावलीत, थंड जागी ठेवा.

बांबर्डेकर (कुडाळ)

माझी पत्नी पार्लर चालवते आणि मालाची खरेदी मी पाहतो, म्हणून या बाजूचे थोडे सांगतो. दमट हवेमुळे आपल्याकडे केस फुलतात, त्यामुळे लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी केराटिन, स्मूदनिंग व नॅनोप्लास्टिया या केस सरळ करण्याच्या उपचारांची मागणी एकदम वाढते. त्या घाईत मुंबईहून माल मागवला जातो आणि पुष्कळदा पक्के बिल मिळत नाही. तो माल विकणारा माणूस प्रशिक्षण म्हणून मोबाइलवर एक चित्रफीत पाठवतो. पुढे बंद खोलीत, वातानुकूलन यंत्र लावून, वाफ बाहेर जायला वाट नसताना ही मुले दिवसभर ते काम करतात. ग्राहक ती वाफ एकदा श्वासात घेते, पार्लरमधली मुलगी ती रोज घेते. आपल्या वाडीतल्या त्या मुलीलाही डॉक्टरांकडे जायला सांगा. तिचे स्वतःचे डोळे, दम आणि हातांची त्वचा तपासून घेणे गरजेचे आहे, आणि तिलाही त्रास झाला असेल तर तिच्या शपथपत्राला वेगळेच वजन येईल.

आम्ही आता उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत यांपैकी एक गोष्ट जरी लेबलावर नसली तरी माल परत पाठवतो. आयात माल असेल तर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक पाहतो. यामुळे काही गिऱ्हाईक जाते, पण ज्या बाटलीचा मालक कोण हे ठाऊक नाही ती कोणाच्या डोक्याला लावण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बहिणीला दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, त्या आम्ही लग्नाच्या दगदगीवर घातल्या. रक्ताची तपासणी उद्याच करून घेते. त्या मुलीशी बोलले. घाऊक बिल तिच्याकडे आहे आणि शपथपत्र द्यायलाही ती तयार आहे. त्यामुळे आईचा विरोधही मावळला आहे. आता तीन शंका उरतात. बाटलीची तपासणी कोण करेल? खर्च किती येईल? आणि बहीण आता ठाण्याला सासरी राहते, तर तक्रार कुठे करावी?

कातळसडा (रत्नागिरी)

ताई, तपासणीचे दोन मार्ग आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती स्वतः खरेदी केलेले प्रसाधन शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते. इथे बाटली त्या मुलीने विकत घेतलेली आहे, म्हणून तो अर्ज तिच्या नावाने व्हावा. दुसरा मार्ग आयोगाचा. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग नमुना ताब्यात घेऊन मोहोरबंद करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. बाटली एकच असल्यामुळे मी दुसरा मार्ग पसंत करेन, कारण त्यात नमुन्याच्या हाताळणीवर शंका घ्यायला कमी वाव राहतो. नमुना आणि फेरतपासणी यांना किती महत्त्व असते, हे महाराष्ट्रातच दिसले आहे. जॉन्सनच्या बेबी पावडरचा मुलुंड येथील उत्पादन परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला होता, आणि त्याला आधार होता २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांचा. उच्च न्यायालयाने नव्या नमुन्यांची तपासणी करवली, ते निकषांत बसले, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशासनाचे आदेश रद्द झाले. ते उत्पादन वेगळे होते, पण नमुन्यावरून प्रकरण कसे फिरते हे त्यातून ध्यानात घ्यावे.

तरीही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, छायाचित्रे आणि घाऊक बिलाची प्रत जोडून, लेखी तक्रार अवश्य करा आणि तिची पोच घ्या. औषध निरीक्षक घाऊक विक्रेत्याकडून त्याच बॅचचा माल स्वतः उचलू शकतात. अमेरिकेत ‘वेन’ या केस धुण्याच्या उत्पादनाबाबत जुलै २०१६ पर्यंत सरकारी यंत्रणेकडे १२७ तक्रारी पोहोचल्या होत्या, तर कंपन्यांकडे २१ हजारांहून अधिक पडून होत्या. घरातल्या घरात राहिलेली तक्रार कोणत्याही निरीक्षकाला दिसत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क लागत नाही, फक्त प्रयोगशाळेचे शुल्क भरावे लागते. वकील देण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. भरपाईची रक्कम मात्र तोलून मागा. दिल्लीतील एका हॉटेलमध्ये केस चुकीचे कापल्याच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी रुपये मंजूर केले होते, पण भरपाई पुराव्यावर ठरली पाहिजे असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ते प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. म्हणून औषधांची बिले, बुडालेल्या पगाराचा दाखला, डॉक्टरांचे कागद आणि केसांची तारीखवार छायाचित्रे आतापासून एका फायलीत ठेवा.

तक्रारदार जिथे राहते त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा कलम ३४ देते, म्हणजे ठाणेही चालेल. पण साक्षीदार, उपचार करणारे डॉक्टर आणि पार्लर सर्व इकडे आहेत, तेव्हा बहिणीला येणे-जाणे झेपत असेल तर रत्नागिरीच सोयीचे पडेल. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती इजा झाल्यापासून मोजायची. कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे उत्तराची वाट पाहत बसू नका. रक्ताचा अहवाल आला की मला निरोपातून कळवा, तक्रारीचा मसुदा मी पाहून देईन.