पहिलं सिझर झालंय, मग दुसरं आणि तिसरं? आपापले अनुभव लिहा

नमस्कार. मी सोलापूरची, लेबर रूममध्ये नोकरी करून निवृत्त झालेली सिस्टर. गल्लीतल्या लेकीसुना अजून फाइल घेऊन घरी येतात. विचारायचं असतं ते बहुतेक हेच, "मावशी, पहिलं सिझर झालंय, दुसरं नॉर्मल होईल का? आणि तिसऱ्याचं काय?" २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याची नोंद आहे. खासगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी. म्हणून हा धागा. दवाखान्याचं किंवा डॉक्टरांचं नाव नको. तुमच्या बाबतीत काय घडलं, काय विचारल्याने फायदा झाला, ते लिहा.

लिहायच्या आधी एक काम करा. पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. त्यावर इंग्रजीत एलएससीएस अशी चार अक्षरं असतील तर गर्भपिशवीला खालच्या भागात छेद घेतलाय असं समजायचं. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतला छेदही आडवाच असेल, असं धरून चालू नका. आतला छेद वरपर्यंत उभा घेतलेला असेल तर पुढच्या वेळी कळा येऊ देणं धोक्याचं असतं, तिथे तारीख ठरवूनच सिझर करतात. पोटावर हात ठेवून हे कुणालाच सांगता येत नाही, कागदच लागतो.

विजापूर रोडवरून

माझी पहिली मुलगी पायाळू होती, म्हणून सिझर. दुसऱ्या वेळी डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी हेच विचारलं, की पहिलं कशामुळे झालं होतं. कारण त्या वेळेपुरतंच असेल तर दुसऱ्या वेळी नॉर्मल होण्याची आशा जास्त. पहिलीनंतर साडेतीन वर्षं झालेली, बाळ डोक्यावर आलेलं, वजन बेताचं. मॅडमनी आकडे सरळ सांगितले. प्रयत्न करणाऱ्या शंभरजणींत साधारण सत्तर-पंचाहत्तर जणींचं नॉर्मल होतं. जुनी शिवण उसवायची भीती साधारण दोनशेत एकीला. पण ती वेळ आलीच तर मिनिटांचा प्रश्न असतो, म्हणून रात्री-अपरात्री भूल देणारे डॉक्टर आणि ऑपरेशन थिएटर तयार असेल तिथेच हा प्रयत्न करायचा.

सासर मंगळवेढ्याकडचं. सासूबाईंचं म्हणणं होतं की तिथल्याच दवाखान्यात करू, ओळखीचे आहेत. मी आठव्या महिन्यातच माहेरी सोलापुरात येऊन राहिले. कळा सुरू झाल्यापासून पोटाला पट्टे लावून बाळाचे ठोके सतत बघत होते. मध्येमध्ये येऊन विचारायचे, कळ नसतानाही जुन्या टाक्याजवळ दुखतंय का? आई बाहेर सिद्धेश्वराला नारळ बोलून बसलेली. पहाटे मुलगा झाला, नॉर्मल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः उठून चहा घेतला. पहिल्या वेळचं ते खोकतानाही पोट धरणं आठवलं आणि रडूच आलं.

*(मावशी: शाब्बास गं. या ताईंनी सांगितलेली टाक्याजवळची दुखणी लक्षात ठेवा. बाळाचे ठोके अचानक बिघडणं, अंगावरून लाल रक्त जाणं, जोरात येणाऱ्या कळा एकदम बंद पडणं, याही जुनी शिवण उसवत असल्याच्या खुणा. ठोके बिघडतात हे बहुधा आधी कळतं, म्हणून ते पट्टे काढा म्हणून हट्ट करू नये. आणखी एक. जुनं सिझर असताना कळा आणायची गोळी कुणी सहज देत असेल तर "माझं आधी सिझर झालंय" हे दोनदा सांगा. त्या गोळ्यांनी शिवण उसवायचा धोका वाढतो.)*

जुळे सोलापूर

आमचा प्रयत्न पुरा झाला नाही. बराच वेळ कळा दिल्या, गर्भपिशवीचं तोंड उघडायचं थांबलं, शेवटी सिझरच. लोक म्हणाले, दोन्हीकडचा त्रास सोसलास. मला तसं वाटत नाही. मला विचारून, समजावून केलं, आणि थिएटर शेजारीच होतं.

पूर्व भागातून

मावशी, मी पुरुष आहे. यंत्रमागावर काम करतो. लिहिलं तर चालेल ना?

आम्हाला दोन मुली, दोन्ही सिझर. घरात तेलुगू बोलतो आम्ही. अम्माला नातू हवा होता, ती रोज काही ना काही बोलायची. तिसऱ्यांदा दिवस गेले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वार खाली आहे, बरोबर जुन्या टाक्यावर.

मला तोपर्यंत वार खाली म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारा भाग, प्लॅसेंटा. ती एरवी गर्भपिशवीला साधी चिकटून बसते, बाळ झालं की सुटून येते. पण जुन्या टाक्याच्या जागी पिशवीचं अस्तर नीट नसतं, तिथे वार मुळासारखी आत रुतते. ओढायला गेलं तर रक्त थांबत नाही. त्यांनी २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे आकडे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. वार खाली असणाऱ्या बाईला ती रुतायचा धोका पहिल्या सिझरच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११, तिसऱ्या वेळी ४०, चौथ्या वेळी ६१. आमचं तिसरं.

त्यांनी दुसरी सोनोग्राफी करून खात्री केली आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे सांगितलं, पूर्ण दिवसांची वाट बघायची नाही, पस्तिसाव्या आठवड्याच्या आसपास ठरवून करू. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. लघवीच्या पिशवीचे डॉक्टर पण हजर राहतील म्हणाले, कारण वार तिथवर पोहोचलेली असू शकते. रक्ताची सोय आधी करायची होती. कारखान्यातली पोरं रक्त द्यायला आली, मी न सांगता. तोवर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी १०८ ला फोन करून निघायचं, अशी सक्त ताकीद होती. आम्ही पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती.

त्या दिवशी बाळ काढलं, वारेला हातच लावला नाही, तशीच ठेवून गर्भपिशवी काढली. सही माझी घेतली, पण डॉक्टरांनी बायकोला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, मला माझ्या पोरींसाठी जगायचंय, काढा. सात-आठ बाटल्या रक्त लागलं. ती आयसीयूत, बाळ काचेच्या पेटीत, मी दोन्हीकडे पळत होतो.

मुलगी झाली. अम्मा तिला बघायला आली आणि बायकोच्या पायाशी बसून राहिली.

माझ्यासारख्या नवऱ्यांना सांगतो, बाळ मुलगा होणार की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. त्यासाठी बायकोचं पोट तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फाडायला लावू नका.

*(मावशी: दादा, तुमची वही जपून ठेवा. बाकीच्यांसाठी सांगते, हे टक्के ज्यांची वार खाली आहे त्यांचे. वार वर असेल तर रुतायचा धोका फार कमी, दुसऱ्या-तिसऱ्या सिझरलाही शंभरात एकीपेक्षा कमीच. म्हणून पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला स्वतः विचारायचं, "वार कुठे आहे? जुन्या टाक्यापासून किती लांब?" त्या वेळी खाली दिसलेली वार पिशवी वाढते तशी बऱ्याचदा वर सरकते, म्हणून बत्तिसाव्या आठवड्याजवळ पुन्हा बघतात. ती सोनोग्राफी खर्च वाचवायला टाळायची नाही.)*

सात रस्त्याजवळून

दुसरं सिझर, तारीख ठरवून. वाटलं होतं, आता सवयीचं झालंय. पण पहिल्या वेळी बाळ पटकन बाहेर आलं, या वेळी बराच वेळ नुसतं आत सोडवत होते. नंतर कळलं, आतडी आणि लघवीची पिशवी जुन्या टाक्याला चिकटली होती. लघवीच्या पिशवीला जरासा छेद गेला, तिथेच शिवला. घरी येताना नळी तशीच होती, ती नंतर काढली. कुणाची चूक नाही म्हणाले, दर सिझरला आत चिकटणं वाढत जातं. तिसरं नकोच होतं आम्हाला, त्यामुळे त्याच वेळी नसबंदी करून घेतली. हा निर्णय टेबलावर झोपल्यावर विचारतात तेव्हा घ्यायचा नसतो. मी सातव्या महिन्यातच सांगून फाइलवर लिहून घेतलं होतं.

होटगी रोड

माझ्याकडे मुहूर्ताची गोष्ट. सासऱ्यांनी पंचांग काढून दिवस आणला, सदतिसाव्या आठवड्याचा. "सिझरच करायचंय तर चांगला दिवस का नको?" माझ्या जावेचं बाळ असंच लवकर काढलेलं. तिचं बाळ जन्मल्यावर धापा टाकत होतं, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, तिला दूध पाजायलाही मिळेना. ते मी जवळून पाहिलं होतं. मी डॉक्टरांना सासऱ्यांसमोरच विचारलं. त्यांनी समजावलं, फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला बाळाला दिवस लागतात. ठरवून करायचं सिझर, दुसरी काही अडचण नसेल तर एकोणचाळीस आठवडे भरल्यावर. सासरे चिडले, पण मी हटले नाही. एकोणचाळीस पूर्ण झाल्यावर साध्या मंगळवारी बाळ झालं, जन्मल्यावर तासाभरात अंगावर पीत होतं. सासरे आता त्याला पाठीवर घेऊन गड्ड्याच्या जत्रेत फिरवतात.

*(मावशी: मधेच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघत घरी बसू नका. तडक निघा.)*

अक्कलकोटहून

ताई, माझं सिझर होऊन नऊ महिने झालेत आणि पाळी चुकलीय. घरचे म्हणतात राहू दे. भीती वाटूलालीय.

*(मावशी: बाळ, घाबरू नकोस, पण थांबूही नकोस. या आठवड्यातच सोनोग्राफी कर. क्वचित गर्भ जुन्या टाक्याच्या खाचेतच धरतो. तसं असेल तर ते लवकर कळलं पाहिजे, उशीर झाला तर पिशवी फाटून रक्तस्राव होतो. गर्भ जागेवर असेल तर पुढचा प्रश्न अंतराचा. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर कळा देताना शिवण उसवायचा धोका वाढतो. तुझं जेमतेम तेवढंच होईल, म्हणून कुठे बाळंत व्हायचं हे आत्ताच ठरव. हिमोग्लोबिन तपास. गरोदरपणात ते ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नकोस, अंगी लागत नाहीत. गोळ्या पोटाला सोसत नसतील तर लोहाचं सलाईन देतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, सगळं मोफत आहे, २०११ पासून. आणि ठेवायचं की नाही, हे तू डॉक्टरांशी एकटीने बोल. तो हक्क तुझा आहे.)*

अक्कलकोटहून

उद्याच जाते मावशी. नवऱ्याला सांगितलंय. आणि पुढच्या वेळेसाठी काय करावं, तेही सांगा की.

*(मावशी: सिझर करतानाच वार काढल्यावर लगेच गर्भपिशवीत तांबी (कॉपर-टी, दिवस राहू नयेत म्हणून) बसवता येते, वेगळं टेबल नाही, वेगळी भूल नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते, आणि नको वाटली तर काढता येते. पण आधी सांगून ठेवावं लागतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सिस्टर उठवून चालवतात, तेव्हा घरच्यांनी "बाळंतीण आहे, पडू द्या" म्हणून अडवू नये. पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरायची भीती असते. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखली, किंवा दम लागला तर लगेच दाखवायचं. सोनोग्राफीचा रिपोर्ट आला की मला सांग.)*