मदत हवी आहे: १४० मशीनची नोंद आणि सिक्युरिटी अपडेट आपोआप कसे सांभाळायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात साधारण १४० मशीन आहेत, निम्म्याहून जास्त लॅपटॉप. नोंद एका एक्सेल शीटमध्ये. गेल्या महिन्यात मोजणी केली तर नऊ लॅपटॉप कोणाकडे आहेत तेच कळेना. सापडले तेव्हा त्यातल्या तीन लॅपटॉपवर विंडोज १० निघालं, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

अपडेटसाठी डब्ल्यूएसयूएस (ऑफिसच्या सर्व्हरवरून विंडोज अपडेट वाटणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) आहे. पण घरून काम करणारे व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला घरून जोडणारी सोय) क्वचितच जोडतात, त्यामुळे त्यांची मशीन आठवडेच्या आठवडे सर्व्हरला दिसतच नाहीत. खरी काळजी तीच. शिवाय डब्ल्यूएसयूएसमध्ये आता नव्या सुविधा येणार नाहीत, हे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच सांगितलंय.

इंट्यूनच्या (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरून मशीन सांभाळायची सेवा) अपडेट रिंग, म्हणजे गटागटाने अपडेट, लावायचा विचार आहे: महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले की आधी आयटीची दहा मशीन, चार दिवसांनी बाकीची. अकाउंट्सवाल्यांचं प्रिंटिंग मात्र एकदा अपडेटनंतर बंद पडलं होतं, ते अजून धास्तावलेत. त्यांना वेगळी, उशिराची रिंग द्यावी का? किती दिवस थांबणं सुरक्षित?

नोंदीसाठी स्नाइप-आयटी हे सॉफ्टवेअर सोपं वाटलं, पण ते स्वतःहून मशीन शोधत नाही. जीएलपीआय या तशाच सॉफ्टवेअरचा एजंट (मशीनवर बसून तिची माहिती आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्राम) कोणी रोज वापरतंय का? अनुभव सांगा, प्लीज.