डीपॉलचं प्रशिक्षकपद: ओसाड गावची पाटीलकी की हवीहवीशी नोकरी?

मिशिगनकाठ (धागाकर्ता)

२०२३-२४ च्या मोसमात शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ ३२ सामने खेळला आणि ३ जिंकला. बिग ईस्ट या कॉन्फरन्समधले, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातले, वीसच्या वीस हरला. जानेवारीत प्रशिक्षक टोनी स्टबलफील्डना नारळ मिळाला. मार्चमध्ये त्या खुर्चीवर क्रिस होल्टमन आले, ज्यांना ओहायो स्टेट विद्यापीठानं महिन्याभरापूर्वीच काढलं होतं. त्यांचा पहिला मोसम: १४ विजय, २० पराभव, कॉन्फरन्समध्ये ४-१६.

ओळखीतले सगळे बास्केटबॉलवेडे एकच विचारतात, शहाण्या माणसानं ही नोकरी का घ्यावी? माझं म्हणणं, जरूर घ्यावी.

मुख्य कारण पैसा. २०२५ च्या जूनमध्ये हाऊस खटल्यातली तडजोड कोर्टानं मंजूर केली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी साधारण २०५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा अमेरिकन फुटबॉल खातो. डीपॉलला फुटबॉलच नाही. जे काही जमेल ते बास्केटबॉलचं.

शिवाय अपेक्षा किती कमी! २००४ नंतर एकदाही विद्यापीठांच्या राष्ट्रीय एनसीएए स्पर्धेत, म्हणजे त्या प्रसिद्ध ‘मार्च मॅडनेस’मध्ये, हा संघ पोचलेला नाही. केंटकीसारख्या बलाढ्य विद्यापीठात प्रशिक्षक स्पर्धेत पोचला नाही तर दंगा होतो. इथं एकदा पोचला तर लोक त्याचा पुतळा उभारतील. होल्टमननी बटलरला सलग तीनदा स्पर्धेत नेलं, तेही बिग ईस्टमधूनच. रस्ता त्यांच्या ओळखीचा आहे.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

असहमत, आणि तुमच्या सगळ्यात जोरदार मुद्द्यावरच असहमत.

‘फुटबॉल नाही म्हणून पैसा बास्केटबॉलला’ हे ओहायो स्टेटशी तुलना करताना ठीक आहे. पण डीपॉल वर्षाला वीस सामने ओहायो स्टेटशी खेळत नाही, मार्केट (Marquette), क्रेटन, झेवियर, प्रॉव्हिडन्स या विद्यापीठांशी खेळतं. त्यांच्याकडे तरी कुठे फुटबॉल आहे? बिग ईस्टमध्ये वरच्या दर्जाचं फुटबॉल एकट्या यूकॉनकडे, आणि त्यांनीच २०२३ आणि २०२४ चं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. ज्या सोयीचा तुम्ही डंका पिटताय ती शेजारच्या प्रत्येक घरात आहे.

आता या खुर्चीवर आधी कोण कोण बसलं ते बघा. ऑलिव्हर पर्नेल २०१० मध्ये क्लेमसनहून आले. क्लेमसनला त्यांनी लागोपाठ तीन वर्षं स्पर्धेत नेलं होतं. डीपॉलमध्ये पाच मोसमांत बिग ईस्टचे १५ सामने जिंकले, ७५ हरले, आणि २०१५ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्याआधीच्या जेरी वेनराइटना २०१० च्या जानेवारीत, ऐन मोसमात काढलं. २००८-०९ मध्ये त्यांचा संघ कॉन्फरन्सच्या नियमित मोसमात ०-१८ होता. स्टबलफील्डनाही जानेवारीतच काढलं, तेव्हा मोसम ३-१५ होता, आणि उरलेले चौदाही संघानं हरून दाखवले.

हे सगळे लोक एकाच वेळी मठ्ठ झाले असं मानायचं, की खुर्चीतच काही दोष आहे असं म्हणायचं?

---

बाकावरचा_बारावा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जुना_शिकागोकर

मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथं शिकायला आलो. डीपॉलचे सामने तेव्हा डब्ल्यूजीएन वाहिनीवरून देशभर दिसायचे. रे मायर १९४२ पासून १९८४ पर्यंत त्याच बाकावर बसले, ७२४ सामने जिंकले. जॉर्ज माइकनला त्यांनी घडवलं आणि १९४५ ची एनआयटी जिंकली, तेव्हा ती स्पर्धा मोठी मानली जायची. १९७९ मध्ये मार्क अग्वायरचा संघ फायनल फोरला, म्हणजे एनसीएएच्या शेवटच्या चारांत गेला आणि लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटकडून दोन गुणांनी हरला. पुढची तिन्ही वर्षं पहिलं मानांकन आणि तिन्ही वर्षं स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात गारद! सेंट जोसेफविरुद्ध तर ४९-४८. ते दुःख आमच्या पिढीला अजून आहे.

म्हणून मला ‘इथं काही होऊच शकत नाही’ हे पटत नाही. एवढी परंपरा विकत मिळत नाही.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

काका, आदर राखून म्हणतो, आज ज्या अठरा वर्षांच्या पोराला डीपॉलला आणायचंय, त्याच्या बापानंसुद्धा ते सामने पाहिलेले नाहीत. परंपरेचा उपयोग देणग्या मागायला होतो. पोरगं विचारणार, पैसे किती, खेळायला किती मिनिटं, आणि टीव्हीवर दिसणार का.

---

लूपमधली

मी डीपॉलचीच माजी विद्यार्थिनी, मास्टर्स तिथंच केलं. मैदानाचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितेय.

विंट्रस्ट अरीना २०१७ मध्ये सुरू झालं. दहा हजारांवर खुर्च्या, शहराच्या दक्षिणेला मॅकॉर्मिक प्लेसजवळ. आमचा कॅम्पस उत्तरेला लिंकन पार्कात. म्हणजे घरच्या सामन्यासाठी विद्यार्थ्यानं फुलर्टनला रेड लाइन ट्रेन पकडायची, सरमॅक-चायनाटाउनला उतरायचं आणि तिथून जानेवारीच्या वाऱ्यात तंगडतोड करायची किंवा बसची वाट बघायची. तेही हरणाऱ्या संघासाठी. आधीचं ठिकाण याहून वाईट होतं हे मान्य. रोझमाँट, पार विमानतळाजवळ! पण मार्केटचं किंवा क्रेटनचं घरचं मैदान जसं पाहुण्या संघाच्या अंगावर येतं, तसं इथं होत नाही. अर्धं रिकामं दहाहजारी मैदान प्रतिस्पर्ध्यालाच आवडतं. मोसमात एक-दोन सामने निव्वळ प्रेक्षकांच्या आरडाओरड्यावर निघतात. ते आमच्या वाट्याला येत नाहीत.

तरीसुद्धा मी ‘नोकरी चांगली’ याच बाजूची आहे. कारण म्हणजे आमचा महिला संघ. डग ब्रुनोंनी त्याच विद्यापीठात, त्याच कॉन्फरन्समध्ये, दशकानुदशकं संघ बांधला आणि तो स्पर्धेत जाणं ही बातमीच राहिली नव्हती. त्यांचे बरेचसे सामने कॅम्पसवरच्या छोट्या मैदानात व्हायचे, तेही लक्षात घ्या. म्हणजे विद्यापीठाला बास्केटबॉल चालवता येतो. पुरुष संघात सातत्यानं माणूस बदलत राहिला, एवढंच.

---

रिबाउंड_राजा

लूपमधली ताई, ब्रुनोंचं मान्य. पण पुरुषांच्या बाजारात खेळाडूची किंमत वेगळी आणि स्पर्धकही वेगळे. एका दुकानातल्या नफ्यावरून दुसऱ्याचा हिशेब मांडता येत नाही.

शिकागोच्या पोरांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. ‘एवढं मोठं शहर, दारात खेळाडू’ हे प्रत्येक नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या पत्रकार परिषदेतलं पेटंट वाक्य. डेरिक रोज मेम्फिसला गेला. अँथनी डेव्हिस केंटकीला, आणि २०१२ चं विजेतेपद जिंकून आला. जबारी पार्कर आणि जलील ओकाफोर ड्यूकला. दारात विहीर आहे खरी, पण पाणी परगावचे भरून नेतात.

---

मिशिगनकाठ

राव, ही सगळी यादी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंनी विद्यापीठ बदलायची वाट, मोकळं होण्याआधीची आहे. तेव्हा शाळेतलं पोरगं हातचं गेलं की गेलं. आता तेच पोरगं दोन वर्षांनी केंटकीच्या बाकावर कंटाळून घरी यायला बघतं. होल्टमननी पहिल्याच उन्हाळ्यात जवळपास अख्खा संघ नव्यानं उभा केला. पर्नेल किंवा वेनराइट यांना हे करताच आलं नसतं, कारण तेव्हा संघ बदललेल्या खेळाडूला एक वर्ष बसून काढावं लागायचं. म्हणून जुन्या प्रशिक्षकांची यादी मला पुरावा वाटत नाही. त्यांचं काम वेगळंच होतं.

सेंट जॉन्सकडे बघा. तेही वर्षानुवर्षं चाचपडत होते. रिक पिटिनो २०२३ मध्ये आले आणि २०२५ ला बिग ईस्टचा नियमित मोसमही जिंकला आणि बिग ईस्टची स्पर्धाही.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

सेंट जॉन्सचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरंच झालं. त्यांच्याकडे पिटिनो आहे आणि पिटिनोमागे माइक रिपोल नावाचा अब्जाधीश माजी विद्यार्थी आहे, जो खेळाडूंसाठी थैली सैल सोडतो. डीपॉलचा रिपोल कोण? तो दाखवा, मी लगेच बाजू बदलतो.

आणि पोर्टलचं दार दोन्हीकडून उघडतं. कॉन्फरन्समधला तळाचा संघ एखाद्या पोराला वर्षभर घडवतो, आणि मार्च संपला की ते पोरगं वरच्या संघाकडून जास्त पैसे घेऊन निघून जातं. दर एप्रिलमध्ये पाटी कोरी. असला संसार किती वर्षं करणार?

---

आडव्या_पासवाला

दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून बोलताय. २००४ मध्ये डीपॉल स्पर्धेत गेलं तेव्हा ते बिग ईस्टमध्ये नव्हतं, कॉन्फरन्स यूएसएमध्ये होतं. प्रशिक्षक डेव्ह लिटाओ. डेटनला दोन ओव्हरटाइममध्ये हरवलं, पुढच्या फेरीत यूकॉननं, म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्यांनी, घरी पाठवलं. २००५ मध्ये लिटाओ व्हर्जिनियाला गेले आणि त्याच वर्षी डीपॉल बिग ईस्टमध्ये शिरलं. दहा वर्षांनी तेच लिटाओ परत आले आणि सहा वर्षांत एकदाही स्पर्धा दिसली नाही.

माणूस तोच, विद्यापीठ तेच, शहर तेच. बदललं काय, तर समोरचे संघ. माझ्या मते ही मधल्या दर्जाची नोकरी आहे, वरच्या दर्जाचा कोट घालून बसलेली. पगार, प्रवास, टीव्ही सगळं वरच्या दर्जाचं. जिंकायची शक्यता मधल्या दर्जाचीही नाही, कारण मधल्या दर्जात निदान खालचे संघ तरी हरवायला मिळतात.

त्याच शहरात लोयोला विद्यापीठ आहे. पोर्टर मोजर २०११ मध्ये तिथं आले. पहिला मोसम ७-२३. दोन वर्षांनी संघ मिसुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये गेला, तिथला पहिला मोसम १०-२२. तरी कुणी त्यांना काढलं नाही. २०१८ ला फायनल फोर. मी तरुण प्रशिक्षक असतो आणि दोन्ही दारं उघडी असती, तर डोळे मिटून लोयोला घेतलं असतं.

---

लूपमधली

मोजरांचं उदाहरण माझ्याच बाजूला येतं की. त्यांना सात वर्षं मिळाली. स्टबलफील्डना अडीच. बारा वर्षांत चार माणसं बदलून परत ‘खुर्ची शापित’ म्हणायचं, हे काय? वरती नॉर्थवेस्टर्नमध्ये क्रिस कॉलिन्सना २०१३ ला आणलं, चार वर्षं थांबले, आणि २०१७ मध्ये त्या विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा एनसीएए स्पर्धा दिसली. तेही बिग टेन या तगड्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे समोरचे संघ जड हे कारण तिथं कुणी दिलं नाही.

---

रिबाउंड_राजा

नॉर्थवेस्टर्नला बिग टेनच्या टीव्ही कराराचे पैसे मिळतात, २०२२ चा तो करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरवरचा. बिग ईस्टचा करार त्याच्या पासंगाला पुरत नाही. थांबायला पैसे लागतात.

‘चार माणसं बारा वर्षांत’ हेही कुठून आणलंत? वेनराइट साडेचार मोसम, पर्नेल पाच, लिटाओ सहा. हे घाईनं काढणं नाही. उलट प्रत्येकाला बऱ्यापैकी वेळ मिळाला आणि तरी काही झालं नाही.

---

मिशिगनकाठ

आडव्या_पासवाला, तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे. पण प्रश्न ‘डीपॉल जिंकेल का’ हा नव्हता, ‘नोकरी घ्यावी का’ हा होता. दोन्ही एक नाहीत. लोयोलात मोजरांनी जे केलं त्याचं बक्षीस काय मिळालं? २०२१ ला ओक्लाहोमा, म्हणजे वरच्या दर्जाची नोकरी. होल्टमन त्या दर्जातच आहेत. ओहायो स्टेटनं काढल्यावर ते खाली उतरले असते तर परत वर चढायला पुन्हा पाच-सात वर्षं गेली असती. इथं कॉन्फरन्समध्ये मधल्या फळीत, नुसतं सहावं-सातवं आलं तरी फोन वाजायला लागतात. केविन विलर्डनी २०२५ मध्ये बिग टेनमधलं मेरिलँड सोडून बिग ईस्टमधलं व्हिलानोव्हा घेतलंच ना? या कॉन्फरन्सला बाजारात अजून भाव आहे.

---

पुणेरी_पॉइंटगार्ड

व्हिलानोव्हानं २०१६ आणि २०१८ ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. त्या भावात डीपॉलचं वांगं खपवू नका.

आणि त्याच २०२५ मध्ये झेवियरचे शॉन मिलर बिग ईस्ट सोडून टेक्ससला गेले, ते नाही सांगितलंत.

---

जुना_शिकागोकर

काहीही म्हणा, २०२५ च्या मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला बिग ईस्ट स्पर्धेत याच संघानं जॉर्जटाउनला हरवलं आणि क्रेटनला दोन ओव्हरटाइमपर्यंत खेचलं. आदल्या वर्षी हेच वीसच्या वीस हरले होते. एका मोसमात एवढा फरक मी इथं रे मायरांनंतर पाहिलेला नाही.

---

आडव्या_पासवाला

क्रेटननं जिंकला ना पण तो सामना?

---

जुना_शिकागोकर

जिंकला. पण आम्हाला सेंट जोसेफची सवय आहे.