गणपतीला पाहुणे कोण, आणि पाहुण्यांनी कुठे कुठे काय मत दिलं

(मिशिगनमधल्या मराठी मंडळाच्या ईमेल-यादीवरून)

प्रेषक : सचिव
मंगळवार, ८ जुलै २०२५
विषय : गणेशोत्सव, प्रमुख पाहुणे

नमस्कार मंडळी,

यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी येतेय. आपला कार्यक्रम नेहमीप्रमाणे शनिवारी, ३० तारखेला. प्रमुख पाहुणे म्हणून कार्यकारिणीत काँग्रेसमन श्री ठाणेदार यांचं नाव निघालं आहे. शाल, श्रीफळ, दहा मिनिटं भाषण, मग आरती. कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा. हरकत नसेल तर ‘हरकत नाही’ असं कृपया सगळ्या यादीला कळवू नका. गेल्या वर्षी पार्किंगच्या मेलला ६३ जणांनी ‘ओके’ पाठवलं होतं.

सचिव

—

प्रेषक : नानाकाका, कँटन
मंगळवार, ८ जुलै

हरकत कसली घेताय? चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मुलगा. १९७९ साली या देशात आला, अ‍ॅक्रनला पीएचडी केली, धंदा काढला, तो हातचा गेला, पुन्हा नवा काढला, आणि आज हाऊसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, बसतोय. तिकडे बेळगाव कुणाचं हे अजून ठरायचंय, इकडे बेळगावकर वॉशिंग्टनला पोचलासुद्धा! मी स्वतः टिळकवाडीचा, त्यामुळे जरा जास्त बोलतोय, चालवून घ्या. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांचा कॉकस (खासदारांचा गट) २०२३ मध्ये कुणी काढला? यांनीच. शालीसाठी माझे शंभर डॉलर लिहून घ्या. आणि पुढच्या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून त्यांना मतं द्यायची आहेत, हे आत्तापासून डोक्यात ठेवा.

नाना

—

प्रेषक : शमाताई, ट्रॉय
बुधवार, ९ जुलै

नानाकाका, शंभर डॉलर जरूर द्या, पण मत कुठून देणार? कँटन सहाव्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे मतदारसंघात, येतं. तुमच्या खासदार डेबी डिंगेल. आम्हा ट्रॉयवाल्यांच्या हेली स्टीव्हन्स. ठाणेदारांचा तेरावा, म्हणजे डेट्रॉइटचा मोठा भाग आणि वेन काउंटीतली आजूबाजूची गावं. या यादीवर तिथे राहणारं माझ्या माहितीत एकच घर आहे. ‘आपला माणूस’ म्हणून आपण सगळे त्यांचे फोटो फॉरवर्ड करतो, आणि स्वतःच्या बाईंनी काय मत दिलं ते कुणाला ठाऊक नसतं. यात मीही आले.

पाहुणे बोलवायला माझी हरकत नाही. पण शाल पांघरायची तर माणसाने काय काम केलंय ते बघून पांघरावी, म्हणून काल जेवणं आटोपल्यावर हाऊसच्या क्लार्कची, म्हणजे सगळ्या मतदानांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीची, साइट उघडून बसले. ओळीने हो, नाही, हो, नाही. अर्ध्या तासात कळलं की नुसती ती यादी वाचली तर हाती फारसं लागत नाही.

परवाचंच घ्या. ३ जुलैचं ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं मोठं बिल, रोल कॉल (नावनिशी मतदान) नंबर १९०, २१८ विरुद्ध २१४. ठाणेदार : नाही. पण त्या दिवशी हजर असलेल्या २१२ डेमोक्रॅट्सपैकी सगळ्यांनी ‘नाही’ म्हटलं, वर दोन रिपब्लिकन. म्हणजे त्या ‘नाही’वरून पक्ष कळला, ठाणेदार कळले नाहीत. अशी मतं तर ढिगाने आहेत.

आता उलट बघा. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम यादीत सापडतच नाही. २८ एप्रिलला त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला, सात कलमांचा. सहप्रस्तावक म्हणून नावं लागलेल्या सहकाऱ्यांनी लगोलग ती काढून घेतली. मे महिन्यात त्यांनी तो विशेषाधिकाराचा ठराव म्हणून पुढे रेटला. असं केलं की हाऊसला दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचा निकाल लावावाच लागतो, मतदान न घेता समितीत लोणचं घालता येत नाही. स्वतःच्याच पक्षातून ‘ही वेळ नाही’ असा दबाव आला आणि १४ मे रोजी ऐनवेळी त्यांनी मतदानाचा आग्रह सोडला. त्यामुळे रोल कॉल नाही, नंबर नाही. पेपरात आठवडाभर मथळे, क्लार्कच्या वहीत कोरं पान.

कॉकसचंही तसंच आहे, काका. कॉकस काढणं म्हणजे मत नव्हे. हिंदूद्वेषाचा निषेध करणारा ठराव त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये मांडला, तो समितीकडे गेला आणि तिथेच राहिला. मांडला हे खरं, पण मंजूर झाला असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते खोटं.

खरी वाचण्यासारखी गोष्ट मला इस्रायलच्या बाबतीत दिसली. २०२१ मध्ये मिशिगनच्या विधानसभेत असताना इस्रायलला ‘अपार्थाइड’ (वंशभेदी) म्हणणाऱ्या आणि त्याची मदत थांबवा म्हणणाऱ्या ठरावावर त्यांचं नाव होतं. २०२२ च्या प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) एआयपॅक या इस्रायल-समर्थक संस्थेशी जोडलेल्या गटाने त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या अ‍ॅडम हॉलियर यांच्यासाठी ४० लाख डॉलरच्या वर ओतले. तरी हे निवडून आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, हमासच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कात झालेल्या पॅलेस्टाईन-समर्थक सभेवरून, त्यांनी ‘डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स’ या डाव्या संघटनेचं सदस्यत्व सोडलं. आणि २० एप्रिल २०२४ ला इस्रायलच्या मदतीचं बिल आलं तेव्हा ३७ डेमोक्रॅट्सनी ‘नाही’ म्हटलं. ठाणेदार त्या ३७ मध्ये नव्हते, त्यांनी ‘हो’ म्हटलं. तीन वर्षांत एवढी कूस बदलली. ती मनापासून बदलली की वारं बघून, हे मी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारायला हवं. पण असं मत माणसाविषयी काही सांगतं, कारण इथे पक्ष फुटला होता.

मोठी झाली मेल. भाकरी तव्यावर आहे.

शमा

—

प्रेषक : ओंकार, फार्मिंग्टन हिल्स
बुधवार, ९ जुलै

शमाताई, भारी. मी एच-वन व्हिसावर आहे, मतच नाही मला, तरी दोन प्रश्न.

एक, ते पैसे पाठवण्यावरच्या टॅक्सचं काय झालं? आई रोज फोनवर विचारते, ‘आता पाठवू नकोस म्हणे.’ दोन, ग्रीनकार्डावर ठाणेदारांचं मत काय आहे? माझी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) सांगत नाही, रडाल तुम्ही.

—

प्रेषक : शमाताई
गुरुवार, १० जुलै

ओंकार, आईंना सांग, बँकेतून पाठवतोस ना, मग काही होत नाही. मेमध्ये आधी ५ टक्के होतं, हाऊसमधून बाहेर पडताना ३.५ झालं, आणि आता कायद्यात १ टक्का आहे. तोही रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन पाठवलं तरच, १ जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून किंवा इथल्या डेबिट, क्रेडिट कार्डावरून पाठवलं तर नाही. पण एक गंमत बघ. हाऊसच्या मसुद्यात अमेरिकन नागरिकांना सूट होती, शेवटच्या कायद्यात ती नाही. तेव्हा नानाकाकांनी पोस्टातून मनी ऑर्डर काढून ती रेमिटन्सच्या दुकानात दिली तर त्यांनाही १ टक्का बसेल.

ग्रीनकार्डाचं उत्तर तुला आवडणार नाही. नोकरीवरून मिळणारी वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीनकार्डं, त्यात कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. ही मर्यादा काढायचं बिल १० जुलै २०१९ ला हाऊसने ३६५ विरुद्ध ६५ असं पास केलं होतं. बरोब्बर सहा वर्षांपूर्वी, आजच्याच तारखेला! सिनेटने २०२० च्या डिसेंबरात वेगळा मसुदा पास केला, दोन्हींचा मेळ बसला नाही, बिल मेलं. २०२२ मध्ये पुन्हा हाऊसच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि मतदानाआधीच मागे घेतलं गेलं. ठाणेदार जानेवारी २०२३ ला आले. तेव्हापासून या मर्यादेवर हाऊसमध्ये मतदान झालेलंच नाही. त्यामुळे त्यांनी तुझ्या बाजूने मत दिलं असं कुणी स्टेजवरून म्हणालं, तर कुठलं मत, कुठली तारीख, एवढंच विचार.

शमा

—

प्रेषक : मीरा, डेट्रॉइट
गुरुवार, १० जुलै

ते ‘एकच घर’ आमचं. इतके दिवस गप्प होते, कारण यादीवर राजकारण आलं की कुणीतरी अनसबस्क्राइब होतं.

मी २०२२ च्या प्रायमरीतही मत दिलं आणि २०२४ च्याही. कुणाला ते सांगणार नाही. पण आपल्याकडे जे ‘पहिला बेळगावकर’ म्हणून साजरं झालं, ते माझ्या गल्लीत कसं दिसलं ते सांगते. १९५५ पासून डेट्रॉइटचा निदान एक तरी काळा खासदार हाऊसमध्ये होता. जॉन कॉनियर्स तर १९६५ ते २०१७, बावन्न वर्षं. २०२२ ला ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, प्रायमरीत नऊ उमेदवार उभे राहिले, मतं फुटली, आणि तिसाच्या आतल्या टक्क्यांवर ठाणेदार आले. जानेवारी २०२३ मध्ये ती साखळी तुटली. जिथे बहुसंख्य लोक काळे आहेत त्या शहरात. शेजारच्या आजी चर्चहून येताना मला म्हणाल्या, ‘युअर मॅन वॉन.’ रागाने नाही, सहज. पण त्या ‘युअर’वर मी आठवडाभर अडकले होते.

त्या आजींना इस्रायल, महाभियोग, कॉकस यातलं काही नको असतं. त्यांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, हवं. त्यालाच कात्री लावणारं ३ तारखेचं बिल पास झालं तेव्हा त्यांनी कुंपणाजवळ थांबवून एवढंच विचारलं, ‘डिड ही व्होट नो?’ म्हटलं, हो. त्या ‘गुड’ म्हणाल्या आणि टोमॅटोला पाणी घालायला गेल्या. शमाताई, तुमचं म्हणणं पटतं की त्या ‘नाही’वरून फक्त पक्ष कळतो. पण त्यांना तेवढंच कळायला हवं होतं.

बाकी पुढच्या वर्षी ४ ऑगस्टला प्रायमरी आहे. इथले राज्य विधानसभेतले डोनाव्हन मॅकिन्नी उभे आहेत. आमच्या गल्लीत यावर बरंच बोलणं चालू आहे.

मीरा

—

प्रेषक : खजिनदार
शुक्रवार, ११ जुलै

मीराने शेवटी जे लिहिलं त्याच्यासाठीच मी थांबलो होतो. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहे. ठाणेदार उमेदवार आहेत. पदाधिकारी म्हणून बोलावता येतं, पण व्यासपीठावर निवडणुकीचा ‘नि’ निघता कामा नये, वर्गणी गोळा करायची नाही, आणि नानाकाका, ‘सगळ्यांनी मतं द्यायची आहेत’ असं मंडळाच्या यादीवर लिहायचं नाही. उमेदवार म्हणून बोलावलं तर समोरच्यालाही तेवढीच संधी द्यावी लागते, म्हणजे मॅकिन्नींनाही शाल. याच आठवड्यात आयआरएसने (करखात्याने) टेक्सासच्या कोर्टात निवडणुकीबद्दल बोलायची जी सवलत मान्य केली ती प्रार्थनास्थळांची आहे. आपल्याकडे गणपती असतो पण आपण देऊळ नाही, हे तीन जणांनी मला फोन करून विचारलं म्हणून इथे लिहितो.

माझी सूचना : आमंत्रण द्यावं, पदाधिकारी म्हणून. भाषण नको, त्याऐवजी वीस मिनिटं प्रश्नोत्तरं. प्रश्न आधी लिहून घ्यावेत. शाल गेल्या वर्षीच्या दोन शिल्लक आहेत, नवीन घेऊ नये.

—

प्रेषक : नानाकाका
शनिवार, १२ जुलै

खजिनदार, माफी. वाक्य मागे घेतो. शंभर डॉलर मागे घेत नाही.

मीरा, तुझी मेल दोनदा वाचली. १९७० च्या सुमारास मी बेळगावात मराठी शाळेत होतो. आपल्या गावात आपला माणूस निवडून यावा म्हणजे काय, हे मला तरी कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि नेमकं मीच ते तुझ्या शेजारच्या आजींच्या बाजूने कधी बघितलं नाही.

नातवाला बसवून क्लार्कची साइट उघडली. डिंगेलबाईंचं नाव टाकलं. २०१५ पासून त्या माझ्या नावाने, अहो नाही, माझ्या गावाच्या नावाने मतं देतायत... नातू म्हणतो, तसंही नाही आजोबा, कँटन त्यांच्याकडे नंतर आलं, नकाशा बदलला. म्हणजे आधी माझा खासदार कोण होता हेही मला सांगता येईना. नातू हसला.

प्रश्नोत्तरं ठेवायला माझी संमती. माझा प्रश्न लिहून घ्या : ‘ठाणेदारसाहेब, १४ मे रोजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नक्की काय झालं?’ मराठीतून विचारणार. त्यांनी उत्तरही मराठीतून द्यावं, बेळगावी चालेल.

—

प्रेषक : सचिव
रविवार, १३ जुलै

धन्यवाद मंडळी. आमंत्रण पदाधिकारी म्हणून, प्रश्नोत्तरं वीस मिनिटं, शाल जुनी. त्यांच्या ऑफिसला उद्या मेल जाईल. ते आले नाहीत तरी आरती साडेसहालाच होईल.

मोदक किती ते शुक्रवारपर्यंत कळवा. हे मात्र मला एकटीला पाठवा, यादीवर नको.