पाम स्प्रिंग्जची पामर-क्रिझेलची घरं: वारसा की नुसती बिल्डरची कॉलनी?

भटका_दादरकर: मागच्या महिन्यात लॉस एंजेलिसहून दोन दिवस पाम स्प्रिंग्जला जाऊन आलो. वाळवंट बघायची हौस बायकोची, मी आपला ड्रायव्हर, पण शेवटी गल्लीबोळांतून घरांचे फोटो काढत मीच फिरत बसलो. ट्विन पाम्स म्हणून एक भाग आहे तिथे. सगळी बुटकी एकमजली घरं, काहींचं छप्पर मधे खोलगट आणि दोन्ही बाजूंना वर उचललेलं, जणू फुलपाखरू बसलंय, आणि पुढे सिमेंटच्या जाळीची भिंत, आपल्याकडे जुन्या सोसायट्यांच्या जिन्याला असायची ना अगदी तशी. पामर अँड क्रिझेल या आर्किटेक्ट फर्मची डिझाइन्स, 1957 च्या आसपासची. किमती ऐकून मी गप्पच झालो. पण शेवटी बिल्डरने रांगेने बांधलेली कॉलनीच ना ही? मग एवढं कौतुक कशाचं?

रेघोट्या: अहो, बिल्डरची कॉलनी आहे हेच तर कौतुक! जॉर्ज अलेक्झांडर आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट हे ते बिल्डर, बापलेकांच्या कंपनीने पाम स्प्रिंग्जच्या खोऱ्यात दोन हजारांवर घरं बांधली. विल्यम क्रिझेलची युक्ती बघा. आतला प्लॅन जवळपास एकच, साधारण 40 बाय 40 फुटांचा चौकोन, त्यामुळे सुताराला, प्लंबरला तेच तेच काम आणि खर्च आटोक्यात, पण तोच प्लॅन प्लॉटवर फिरवून बसवायचा, घर थोडं पुढेमागे सरकवायचं, छप्पर एकाला सपाट, दुसऱ्याला उतरतं, तिसऱ्याला फुलपाखरू, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला वाटतं प्रत्येक घर वेगळं. भार खांब आणि तुळयांवर, म्हणून भिंतीच्या वर थेट छपरापर्यंत काच लावता येते आणि सोफ्यावर बसल्या बसल्या डोंगर दिसतो. क्रिझेलकडे लँडस्केपचंही लायसन्स होतं, झाडं कुठे लावायची तेही तोच ठरवायचा. ट्विन पाम्स हे नाव दर घरापुढे लावलेल्या दोन ताडांवरून पडलं.

बापलेक आणि दोघांच्या बायका 1965 मध्ये एकाच विमान अपघातात गेले. रॉबर्टचं स्वतःचं घरही याच फर्मचं, गोल गोल खोल्यांचं. तेच पुढे एल्व्हिस प्रेस्लीने भाड्याने घेतलं आणि 1967 साली हनिमूनला तिथेच आला.

घामाघूम: फोटोत छान दिसतात हो. जुलै 2024 मध्ये तिथे पारा 124 फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे 51 सेल्सिअस, आणि या घरांना मूळची एकेरी काच! हिवाळ्यात चार दिवस येऊन राहणाऱ्यांसाठी काढलेली डिझाइन्स ती, बाराही महिने राहायचं तर एसीचं बिल बघा. आणि वारसा म्हणायचं तर तो अख्खा बघा ना. शहराच्या मध्यभागी सेक्शन 14 म्हणून आग्वा कॅलियेंते या आदिवासी जमातीची जमीन आहे, तिथे राहणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबांना 1950-60 च्या दशकात हुसकावून घरं पाडली, जाळली. 2024 मध्ये शहराने 59 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. ते फुलपाखरी छप्पर आणि ही जळकी घरं एकाच काळातली.

रेघोट्या: @घामाघूम मान्य, सेक्शन 14 चं तर शंभर टक्के. काच मात्र आता बरेच जण बदलून दुहेरी करतात.

कॉर्बूचा_भाचा: एक छोटी दुरुस्ती, पाम स्प्रिंग्ज म्हणजे फक्त पामर-क्रिझेल नाही. गावात शिरताना उंच तिरक्या छपराचं व्हिजिटर सेंटर लागतं ना, ते मुळात 1965 चा पेट्रोल पंप, अल्बर्ट फ्रे आणि रॉबसन चेंबर्स या आर्किटेक्टांचा. हा फ्रे तरुणपणी पॅरिसला ल कॉर्बूझिएच्या ऑफिसात होता, म्हणजे आपलं चंडीगड आखणाऱ्याच्याच! आणि डोनाल्ड वेक्सलर या आर्किटेक्टची स्टीलची घरं पाहिलीत का? 38 ठरली होती, स्टील महागलं आणि 7 वरच गाडी थांबली.

भटका_दादरकर: पेट्रोल पंप?! अहो, आम्ही तिथे फक्त बाथरूमला थांबलो आणि पुढे गेलो 😅 स्टीलची घरं तर राहिलीच. फेब्रुवारीत मॉडर्निझम वीक, म्हणजे असल्याच घरांचा उत्सव, असतो म्हणे, तेव्हा परत जाईन म्हणतो. कोणी येतंय का? जेवणाचे डबे माझ्याकडून.