नगरपंचायतीचा ५ टक्के दिव्यांग निधी आणि स्वमग्न मुलं: 'कार्यवाहीत आहे'च्या पुढे तक्रार कशी न्यायची?

खाजणकाठ यांचा प्रश्न:

रत्नागिरी जिल्ह्यातली एक नगरपंचायत. हद्दीत आणि लगतच्या वाड्यांत मिळून स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाणपत्र असलेली ११ मुलं आहेत, वय ४ ते १५. पालकांनी मिळून तीन मागण्या केल्या. पहिली, तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट यावा. दुसरी, शाळेत विशेष शिक्षकाची भेट ठरलेल्या वारी व्हावी. तिसरी, नगरपंचायतीने स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ठेवायच्या ५ टक्के निधीतून स्वमग्न मुलांसाठी काय खर्च झाला ते सांगावं. तिन्ही मागण्या एकत्र लिहिलेले तीन अर्ज झाले. दोन अर्जांना उत्तर आलं, 'आपला अर्ज कार्यवाहीत आहे.' तिसऱ्याला, 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.'

निधी खर्च होतो हे खरं आहे. रॅम्प होतात, मार्चमध्ये प्रत्येकी काही रक्कम खात्यात पडते. पण जे मूल चालू शकतं, त्याला रॅम्पचा काय उपयोग? त्याला बोलायला, थांबायला, गोंगाट सहन करायला शिकवणारं माणूस हवं आहे. मंडणगड किंवा राजापूरच्या टोकाकडून रत्नागिरीला जाऊन पाऊण तासाचं सेशन घेऊन यायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस जातो, आणि त्यानंतर मूल दोन दिवस बिथरलेलं असतं.

तर आता पुढचं पाऊल काय? तक्रार कोणाकडे, कोणत्या कलमाखाली, आणि किती दिवसांनी वर जायचं?

बारनिशी यांचं उत्तर:

दादा, तुमच्या अर्जात तीन वेगळ्या कार्यालयांचे विषय एकत्र आले आहेत, आणि अर्ज तिथेच अडकला आहे. एका अर्जात तीन विषय आले की टेबलावरचा माणूस त्यातला आपला नसलेला विषय पकडून अख्खा अर्ज परत करतो. म्हणून आधी फोड करा.

निधीचा विषय मुख्याधिकाऱ्यांचा. शाळेचा विषय शाळा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा. बहुतेक नगरपंचायतींच्या हद्दीत शाळा जिल्हा परिषदेची असते, तेव्हा तो अर्ज गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जायला हवा. नगरपरिषदेची स्वतःची शाळा असेल तर तिथे. थेरपी आणि तपासणी हा आरोग्याचा विषय, जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आणि जिल्हा शल्यचिकित्सक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची असते, आणि तिच्या यादीत स्वमग्नता येते. तुमच्या ११ पैकी किती मुलं या पथकाने शोधली आणि किती पालकांनी स्वतः धावपळ करून निदान करून घेतलं, एवढा आकडा काढलात तरी आरोग्य विभागापुढे बोलायला ठोस मुद्दा मिळेल.

प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि बारनिशीत (कार्यालयाच्या आवक नोंदवहीत) आवक क्रमांक घालून पोच घ्या. नुसता गोल शिक्का पुरत नाही. क्रमांक नसेल तर सहा महिन्यांनी तो अर्ज कधी आलाच नव्हता असं होतं. 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर देणाऱ्यांना लगेच एका ओळीचं पत्र द्या: अर्ज कोणत्या कार्यालयाकडे वर्ग केला, त्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक कळवावा.

आणखी एक गोष्ट तपासा, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नगरपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत मुलांची नोंद कोणत्या प्रकारात आहे? १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. नोंदवही किंवा तिचा छापील नमुना जुनाच चालू असेल तर स्वमग्न मूल 'मतिमंद' किंवा 'इतर' या रकान्यात जाऊन बसतं. मग कागदावर तुमच्याकडे स्वमग्न मुलं शून्य, आणि शून्य मुलांसाठी कोणी तरतूद करत नाही. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांग ओळखपत्राची) प्रत जोडून नोंद दुरुस्त करून मागा. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर आधी ती वाढवा, नाहीतर पहिली त्रुटी तीच काढतील.

आवाठ यांचं उत्तर:

निधीबाबत तक्रार करण्याआधी माहिती अधिकारातून कागद मिळवा. आकडे हातात नसताना केलेल्या तक्रारीला 'नियमानुसार खर्च करण्यात आला आहे' हे एक वाक्य पुरतं.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. 'का' असं विचारू नका, कारण जन माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधलेला नाही, त्याच्याकडे असलेला कागद द्यायला आहे. मजकूर असा चालेल:

'मागील ३ आर्थिक वर्षांसाठी: (१) नगरपंचायतीचं स्वउत्पन्न व त्याच्या ५ टक्के येणारी रक्कम, (२) दिव्यांग कल्याण लेखाशीर्षाखालील तरतूद, खर्च व अखर्चित शिल्लक, (३) दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार लाभार्थी संख्या व खर्चाची रक्कम, (४) खर्चास मंजुरी देणाऱ्या ठरावांच्या प्रती, (५) लेखापरीक्षणात या शीर्षाबाबत घेतलेले आक्षेप व त्यांचं अनुपालन.'

लाभार्थ्यांची नावं मागू नका. खाजगी माहितीचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळायला ते निमित्त होतं, आणि दुसऱ्यांच्या मुलांची नावं गावभर फिरावीत असं आपल्यालाही नको आहे. प्रकारनिहाय संख्या पुरेशी आहे.

उत्तराला ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. नाही लागला तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथे वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच दस्तऐवज तपासणीची मागणी करा. प्रत्यक्ष फाइल पाहण्याचा पहिला तास निःशुल्क असतो, आणि कॅशबुक, टिप्पणी, ठराव एका तासात बघून होतात. अर्ज शक्यतो गणपतीच्या महिनाभर आधी किंवा नंतर टाका. मधल्या दिवसांत मुदत कागदावर चालू राहते, पण टेबलावर माणूस नसतो.

वेसवी_वाट यांचं उत्तर:

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याने तक्रारीची नोंदवही ठेवायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. सरळ तिथेच तक्रार द्या ना, एवढा फेरा कशाला?

आवाठ यांचं उत्तर:

इथे सावध राहायला हवं, कारण हा सल्ला पुष्कळ जण देतात. कलम २३ मधली तक्रार कलम २० च्या उल्लंघनाबद्दल आहे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाबद्दल. मुलाची थेरपी किंवा निधी त्यात बसत नाही. तक्रार दिलीत तर घेतील, पण दोन आठवड्यांच्या मुदतीवर तुम्ही अडून बसलात तर समोरचा कलम वाचून दाखवेल आणि तुमचे महिने फुकट जातील.

शाळेच्या विषयाला याहून धारदार कलम आहे, ते फारसं कोणी वापरत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२. मुलाच्या हक्काबाबत कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतो. प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जाच्या डोक्यावरच 'शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ३२ अन्वये तक्रार' असं लिहा. हे नसेल तर ती साधी विनंती समजून फाइलला लागते. हा कायदा ६ ते १४ वयाचा. १५ वर्षांच्या मुलासाठी दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ लावा, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ते १८ पर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतं.

तक्रारीत 'शिक्षक लक्ष देत नाहीत' असं मोघम नको. विशेष शिक्षकाने चालू वर्षात शाळेला कोणत्या तारखांना भेट दिली, मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा कोणत्या तारखेला झाला, त्यावर पालकाची सही आहे का, एवढंच विचारा. सर्वसाधारण शाळांत प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत १५ मागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात घालून दिलं आहे. तालुक्यात नोंदलेली मुलं आणि नेमलेले विशेष शिक्षक हे दोन आकडे शेजारी लिहा. त्याखाली वेगळी टीका लिहायची गरज पडणार नाही.

खाजणकाठ:

नोंदवहीचा मुद्दा तपासला. ११ पैकी ७ मुलं 'मतिमंद' रकान्यात आहेत, २ ची नोंदच नाही. दुरुस्तीचे अर्ज आवक क्रमांकासह दिले. निधीबाबत अडचण अशी आहे की वाटप बंद करा असं आम्हाला म्हणायचं नाही. ज्यांना ती रक्कम मिळते त्यांनाही गरज आहेच.

बारनिशी यांचं उत्तर:

बरोबर आहे दादा, आणि हे अर्जातही लिहा. आंधळ्या म्हाताऱ्याचे पैसे काढून आमच्या मुलाला द्या अशी मागणी झाली की सभेत भांडण लागतं आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही.

हिशेब मांडून बघा. समजा स्वउत्पन्न १ कोटी ८० लाख, तर ५ टक्के म्हणजे ९ लाख. नोंदणीकृत ३०० व्यक्तींना प्रत्येकी ३,००० दिले की ९ लाख संपले. सेवा उभी राहायला एक रुपयाही उरला नाही, आणि कागदावर खर्च मात्र शंभर टक्के. याउलट थेरपिस्ट आठवड्यातून २ दिवस, वर्षाचे ४८ आठवडे म्हणजे ९६ भेटी. प्रवासासह भेटीमागे ३,००० धरले तर २ लाख ८८ हजार. खोली नगरपंचायतीची. म्हणून आधी मागच्या वर्षांची अखर्चित शिल्लक या सेवेसाठी मागा, आणि पुढच्या अर्थसंकल्पात वेगळी ओळ मागा.

११ मुलं दोन दिवसांत म्हणजे एका दिवशी ६, दुसऱ्या दिवशी ५, पाऊण तासाप्रमाणे. म्हणजे मुलाला आठवड्यातून एकच सेशन मिळेल, ते अपुरं आहे. प्रस्तावातच लिहा की शेवटची १५ मिनिटं पालकाला घरी करायचा सराव शिकवण्यासाठी. आणि वाचा-उपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावेत ही अट घाला. नाहीतर सर्वात कमी दराच्या निविदेत दोन आठवड्यांची कार्यशाळा केलेला माणूस येईल, आणि स्वमग्न मुलाबरोबर चुकीच्या पद्धतीने जबरदस्ती झाली तर ते निस्तरायला वर्ष जातं.

लगतच्या ग्रामपंचायतींकडूनही मागा, पण अपेक्षा बेताची ठेवा. ४ लाख स्वउत्पन्नाच्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणजे २० हजार. खरी रक्कम जिल्हा परिषदेच्या सेसमध्ये (उपकराच्या स्वउत्पन्नात) असते. ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याला द्या. अर्थसंकल्प हिवाळ्यात आकार घेतो, तेव्हा २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोडू नका. २६ जानेवारीला उशीर झालेला असतो.

आवाठ यांचं उत्तर:

वर जाण्याचा क्रम: एक महिन्यात लेखी निर्णय नाही तर स्मरणपत्र, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात. तरीही हालचाल नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८० अन्वये. त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ते शिफारस करतात. कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि शिफारस अमान्य असेल तर त्याची कारणंही तीन महिन्यांत कळवायची असतात, तक्रारदारालासुद्धा. 'कार्यवाहीत आहे' हे वाक्य तिथे चालत नाही. म्हणून तीन महिन्यांची तारीख शिफारशीच्या दिवशीच लिहून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी पत्र टाका.

आयुक्तांकडे जाणारी तक्रार दोन पानांच्या वर नको. पहिल्या पानावर तक्ता: तारीख, कोणाकडे, आवक क्रमांक, काय मागितलं, काय उत्तर आलं. दुसऱ्यावर कलम २५ (जवळच्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात मोफत आरोग्यसेवा, शासनाने ठरवलेल्या उत्पन्नमर्यादेत) आणि तुमची एकच नेमकी मागणी.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी वेगळं: राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात स्वमग्नता येते. १८ पूर्ण झाल्यावर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो. तुमच्यातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी ही समिती जिल्ह्यात शेवटची कधी बसली, तिच्या बैठकीचं इतिवृत्त आत्ताच मागून ठेवावं.

खाजणकाठ:

कलम ३२ ची तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतो, वेगवेगळे. एक शंका: ११ पालकांनी एकत्र सही करावी की प्रत्येकाने स्वतंत्र?

बारनिशी यांचं उत्तर:

निधीचा अर्ज एकत्र, सगळ्यांच्या सह्यांनी. शाळेची तक्रार प्रत्येक मुलाची स्वतंत्र, कारण निर्णय मुलागणिक द्यावा लागतो आणि ११ निर्णय लिहायचे म्हटलं की विषय वरच्या टेबलावर जातो. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच पालकाच्या नावाने, आणि तो असा निवडा की जो पुढचं वर्षभर तालुका सोडून मुंबईला जाणार नाही. अपिलाची सुनावणी त्याच्याच नावाने लागते.

पोच घेताना शिक्क्यावरची तारीख नीट उमटली आहे का, तिथेच उभं राहून वाचून घ्या. पावसाळ्यात शाई पसरते.